आंबटाचे दिवस

चैत्रातला रविवार. दादरला उतरून मंडईतून कैऱ्या, ओले काजू आणि कढीपत्ता घेतला आणि पुन्हा गाडी पकडून गिरगावात आत्याकडे पोचले, तेव्हा अकरा वाजले होते. चाळीच्या लांब गॅलरीत तिने जुन्या लुगड्यावर चिंच पसरली होती. आत चैत्रगौर छोट्या पितळी झोपाळ्यात बसलेली. संध्याकाळी हळदीकुंकू होतं, म्हणून आंबेडाळीसाठी सकाळी सहालाच हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली.

मी परळला राहते. जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता काचेची कार्यालयं आहेत, त्यांतल्याच एकात नोकरी करते. माझा स्वयंपाक सकाळच्या पाऊण तासात उरकावा लागतो. आत्याचं सगळं आयुष्य गिरगावात गेलं. ज्या ऋतूत जे येतं ते त्याच ऋतूत रांधावं, हे तिचं ठाम मत. ऋतू सांभाळायला कुणाचे तरी हात आणि कुणाचा तरी वेळ जातो, आणि तो बहुतेक घरांत बाईचाच असतो, हे माझं. त्या दिवशी कैरी किसता किसता आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दोघींपैकी कुणाचंच म्हणणं मला अजून मनावेगळं करता आलेलं नाही.

मी : आत्या, तीस-पस्तीस जणींची डाळ तू एकटी वाटणार? खाली नाक्यावर तयार मिळते. चवीलाही बरी असते.

आत्या : असेल की. पण त्यांना रोज एकाच चवीची करावी लागते. गिऱ्हाइकाला काल खाल्ली तशीच आज हवी असते. माझं तसं नाही. ही फोड खाऊन बघ.

फोड आतून पांढरीशुभ्र होती. कोय अजून धरली नव्हती, सुरी तिच्यातून सहज आरपार गेली होती. जिभेवर ठेवताच कानशिलं आंबली.

आत्या : पाडव्याच्या सुमाराची कैरी ही अशी. आंबट, आणि त्याला तुरटाची किनार. अक्षय्य तृतीयेला घेशील तर आतून पिवळसर झालेली असेल, गोडावर आलेली. तेव्हा साखर निम्म्यावर आणायची. गौर महिनाभर बसते आणि महिनाभर डाळ बदलत जाते. वाटीभर डाळीला कैरी किती, हे मला विचारू नकोस. हातातली कैरी चाखायची आणि ठरवायचं.

मी : माझ्या फ्रीजरमध्ये गेल्या वर्षीचा कीस आहे, पुड्या करून ठेवलेला. ऑगस्टमध्ये मुलाला आंबेडाळ खावीशी वाटली, अर्ध्या तासात करून दिली. त्यात काय चुकलं?

आत्या : काहीच नाही. पोराने मागितलं, आईने केलं. लागली कशी?

मी : मऊ पडली. किसाला पाणी सुटलं. पण त्याने आवडीने खाल्ली.

आत्या : मग छानच. पण आता त्याला ताजी खायला घाल. नाहीतर मऊ पडलेली डाळ म्हणजेच आंबेडाळ, असं त्याच्या जिभेला वाटत राहील. माझं म्हणणं एवढंच.

तिने डाळ चाळणीवर उपसून निथळत ठेवली. पाणी पूर्ण गळेपर्यंत ती थांबते. मग हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून वाटायची, पाण्याचा थेंबही न घालता, आणि भरडच. बारीक वाटली गेली की पिठलं कालवल्यासारखी चिकट होते. ही डाळ शिजवायची नसते. गणपतीत परतून करतात ती वाटली डाळ वेगळी. इथे डाळ कच्ची, कैरी कच्ची, आणि फोडणी तेवढी वरून, तीही गार करून.

मी : तू ऋतूचं एवढं सांगतेस, पण आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत उलटंच आहे. वसंतात कफ वाढतो, म्हणून आंबट, गोड, जड टाळा. कडू, तिखट, तुरट खा. पाडव्याचा कडुनिंब त्यात बसतो. तुझी डाळ आणि पन्हं कुठे बसतं?

आत्या : त्या ऋतुचर्येतल्या वसंतात थंडी सरत असते, अंगात साठलेला कफ पातळ होत असतो. मुंबईत थंडी साठायला पडते कधी? होळी पेटली की घामाच्या धारा लागतात. पंचांगात वसंत असला तरी गिरगावात चैत्र म्हणजे उन्हाळा. म्हणून पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं, गूळ, ओवा, हिंग, मीठ असं वाटून गोळी खायची, शास्त्राचा मान ठेवायचा. आणि तिसऱ्या दिवशी गौर बसली की पन्हं सुरू. घामाने अंगातलं पाणी जातं, मीठ जातं. पन्ह्यात पाणी आहे, मीठ आहे, गूळ आहे. कैरीमुळे ते दोन पेले जास्त जातं.

मला हे पटलं. मासिकांतून ‘वसंतातला स्वयंपाक’ म्हणून कोवळे मटार, शतावरीचे कोंब, हिरवी कोशिंबीर यांचे फोटो येतात. ज्या देशांत बर्फ वितळून पहिली हिरवी पात वर येते तिथला तो वसंत. आपल्याकडे मटार शिवरात्रीच्या आसपास उतरणीला लागतो, पालेभाज्या उन्हाने सुकायला लागतात. आपला वसंत आंबट आहे. तो कधी सुरू होतो ते मी विचारलं, तेव्हा आत्याने बोटांवर मोजून दाखवलं.

आत्या : महाशिवरात्रीला कवठ. गर काढायचा, गूळ, जिरं, तिखट घालून चटणी. फाल्गुनात नवी चिंच येते, ती फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करून बरणीत. चैत्रात कैरी. चैत्र सरताना हिरवी करवंदं, लोणच्याला. वैशाखात रातांबे. तोवर पावसाचे वेध लागतात आणि त्यापुढे ताजा आंबट फारसा नाही, आमसूल आणि चिंच यांच्यावर वर्ष काढायचं. वर्षाचा आंबटपणा या तीन-साडेतीन महिन्यांत घरात येतो. तेवढ्यात जो भरला तो भरला.

मी : सासूबाई कोलंबीच्या कालवणाला याच दिवसांत कैरी घालतात. आमसूल असलं तरी नको म्हणतात. मालवणी घरांत तोच हिशेब.

आत्या : हिशेब सगळ्यांचा तोच. गिरगावातल्या वाड्यांची नावं बघ ना. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. पलीकडे तुमच्याकडे चिंचपोकळी.

मी : नावंच उरलीत, आत्या. आपला ऋतू ट्रकमधून येतो. कैरी कोकणातून, शेवगा घाटावरून, मिरची कर्नाटकातून. फुले मंडईतला फळांचा घाऊक बाजारसुद्धा नव्वदच्या दशकात वाशीला गेला. आणि त्याच वाशीत आता नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीहून हापूस येतो. रत्नागिरीहून कलमं नेऊन तिथे लावलेला. तिथे तेव्हा त्यांचा उन्हाळा असतो, म्हणजे तोही ऋतूतलाच. मग कुणाचा ऋतू खरा मानायचा?

आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. डाळीत कैरीचा कीस घालून हाताने हलकं कालवलं, चिमूट तोंडात टाकली, अजून दोन चिमटी साखर घातली.

आत्या : मुंबईत कधी काय पिकलं? पूर्वी कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला यायचं, मग एसटीच्या टपावरून, आता ट्रकने. माल बाहेरून येतो याचं मला वाईट वाटत नाही. तो आंबा तिथल्यांनी उन्हाळ्यात खावा, सुखाने खावा. पण आपल्याला घाम आपल्या चैत्रात येतो. डिसेंबरात मला पन्हं प्यावंसं वाटत नाही, तेव्हा आवळा हवा असतो. ऋतू आपल्या अंगाला कळतो, मग पेटी कुठून का येईना.

मी : पण अंगाला कळणारा हा ऋतू आता श्रीमंतांचाच व्हायला लागलाय. हे ओले काजू बघ. शंभर मोजून घेतले, त्या पैशात आठवड्याची भाजी आली असती. मोठ्या हॉटेलात ‘मोसमी’ म्हणून जो पदार्थ ठेवतात तो सर्वांत महाग असतो. हंगामाचं खाणं ही चैन झाली आहे.

आत्या : काजू महाग आहेत, खरं आहे. वर्षातून एकदा आणायचे. पण कैरी? शेवगा? कुयरीचा फणस? चैत्रात या वस्तू जेवढ्या स्वस्त तेवढ्या पुन्हा वर्षभर नाहीत. आमच्या लहानपणी ऋतूप्रमाणे खायचं ते पैसे कमी होते म्हणून. जे ढिगाने येतं ते स्वस्त, जे स्वस्त ते ताटात. तुमच्या परळ-लालबागला खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या, गिरणीतल्या पाळीच्या माणसांना जेवू घालायच्या. त्या काय फॅशन म्हणून शेवग्याची आमटी करत होत्या? शेंगा स्वस्त झाल्या की आमटीत शेंगा. दर माणशी हिशेब बसायला हवा.

मी : त्याच बायकांचं उदाहरण मलाही द्यायचंय. त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे होत्या, आणि तरी किराणा भरायला सावकाराकडून कर्ज काढत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे मान वर करता आली. ताटात ऋतू होता, पण तो वाढणारीच्या पाठीवर उभा होता. ओल्या काजूचंही तेच. टरफलात चीक असतो, कातडी भाजते. कोकणातल्या बायका हाताला खोबरेल किंवा राख चोळून एकेक बी कापतात, तरी बोटांची सालं निघतात. आपण इथे उसळीत खोबरं-कोथिंबीर घालतो आणि म्हणतो, काय हंगाम आहे!

हे बोलताना मी काजू कोमट पाण्यात घातले होते. पाच-सात मिनिटांनी गुलाबी-तपकिरी साल सैल होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबलं की पांढरी बी सटकन बाहेर येते. त्या सालीतही थोडा तुरटपणा उरलेला असतो, बोटांना तो तासभर जाणवतो. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली आणि सोलू लागली.

आत्या : हे तुझं खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही. म्हणून या काजूचे पैसे देताना घासाघीस करायची नाही. मी करत नाही.

मी : माझा मुद्दा पुढचा आहे. फ्रीजरने, मिक्सरने, तयार मसाल्याने माझ्यासारखीचे हात सोडवले. ते सोडवले तर त्यात ऋतूचा अपमान कसा? आणि खरं सांगू, तू स्वतः ऋतूविरुद्धच लढत आलीस. बाहेर पसरलेली ती चिंच, ती वर्षभर टिकावी म्हणून ना? पापड, कुरडया, सांडगे, आमसूल, सुका बोंबील, लोणचं, मसाला. उन्हाळ्याची ही सगळी कामं म्हणजे, ऋतू संपला तरी त्याला जाऊ द्यायचं नाही, याचीच तयारी. माझा फ्रीजर म्हणजे तुझं वाळवणच.

मला वाटलं होतं, इथे तिला गप्प बसावं लागेल. ती खरोखर थोडा वेळ गप्प होती. पण सोलणं थांबलं नाही.

आत्या : वाळवण ऋतूला धरून ठेवतं, हे मान्य. पण वाळवणाने वस्तू बदलते. रातांबा फोडून गर वेगळा करतात, साल त्याच्याच रसात मीठ घालून भिजवतात, उन्हात घालतात, परत भिजवतात, परत उन्हात. पुटावर पुट. शेवटी हातात येतं ते आमसूल. काळं, चिवट. त्याला कुणी ताजा रातांबा म्हणत नाही. त्याची चव त्याची स्वतःची, आणि पावसाळ्यातल्या आमटीला तीच लागते. फ्रीजर कैरीला ऑगस्टात कैरीच राहा म्हणतो. ती बिचारी राहू शकत नाही, पाणी सोडते. वापर तू फ्रीजर, मी नाही म्हणत नाही. पण तो आणि वाळवण एक नव्हेत.

मी : आणि हातांचं?

आत्या : हातांचं सांगते. हे एवढं काम एकटीने करायचं असतं, असं तुला कुणी सांगितलं? तुझी आजी पापड एकटी लाटायची नाही. मजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांचा एकेक दिवस ठरलेला. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पोळपाट-लाटणं आपापलं घेऊन यायचं. लिज्जतची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?

ठाऊक आहे, पण त्या दिवशी ती नव्याने उमगली. १५ मार्च १९५९. याच गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला बसल्या. दिवस फाल्गुनातले, उन्हाचे. पहिल्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा पापड वाळेनात, आणि त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. काम पावसातही चालू राहिलं. पुढे त्यातून देशभर पसरलेली, बायकांच्याच मालकीची संस्था उभी राहिली.

मी : बघ, त्यांनीही ऋतूवर मात केलीच. खाटेखाली स्टोव्ह!

आत्या : केली, आणि चांगलं केलं, पोटाचा प्रश्न होता. पण आधी एकत्र बसल्या कशामुळे? सगळ्यांना पापड त्याच महिन्यात करायचे होते, ऊन त्याच महिन्यात होतं, गच्ची एकच होती. मुदत असली की माणसं गोळा होतात. पावसाच्या आत मसाला कुटून झालाच पाहिजे, म्हणून शेजारीण हाकेला येते. बारा महिने केव्हाही करता येतं म्हटलं की ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या वेळेला. मग ते जिच्या-तिच्या एकटीच्याच गळ्यात पडतं. तू सकाळी पाऊण तासात एकटी उभी असतेस ना, ते कष्ट ऋतूने नाही दिले तुला.

हे वाक्य मला लागलं. कारण माझ्या फ्रीजरमधल्या पुड्याही मी रात्री दहानंतर एकटीनेच भरलेल्या होत्या. घरात नवरा होता, बारा वर्षांचा मुलगा होता. कैरी किसायला त्यांना बोलवावं असं मलाच सुचलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं.

मी : पण त्या आठ बिऱ्हाडांतही हात बायकांचेच होते, आत्या. पुरुष ओट्याकडे फिरकत नव्हते.

आत्या : नव्हते. ती आमची चूक. ती तुम्ही सुधारा. पण सुधारायला आधी सगळे एका जागी बसायला तर हवेत.

मग बोलणं लालबागवर आलं. शिवरात्रीनंतर तिथली मसाल्याची गल्ली भरून वाहते. नव्या पिकाची बेडगी आणि काश्मिरी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. बायका पोतं हाताने चाळून मिरची घेतात, मोडून वास बघतात. मग देठं काढायची, दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवायचं, धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर निवडून भाजून द्यायचं आणि डंकावर उभं राहून कुटून घ्यायचं. लोखंडी मुसळांचा ठोका आणि हवेतला खकाणा यांनी गल्लीत शिरल्याशिरल्या शिंक येते. घरी आणल्यावर बरणीत थरांमध्ये खडा हिंग. जूनच्या आधी हे सारं व्हायला हवं, कारण दमट हवा लागली की मसाल्याला जाळं धरतं. सुक्या मासळीचंही तसंच. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्याआधी बोंबील-सुकट डब्यात हवी.

मी : गेली चार वर्षं मी तयार पाकीट आणते. सासूबाई काही बोलत नाहीत, पण कालवण झालं की बरणीकडे बघतात. मिरची वाळवू कुठे? आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं.

आत्या : इथे आण. ही गॅलरी आहे, वर गच्ची आहे. चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणून कागद फिरतायत. पुढच्या चैत्रात ही गच्ची असेलच असं नाही. यंदा आण.

संध्याकाळी बायका आल्या. गार झालेल्या फोडणीतली मोहरी, हळद, हिंग आणि सुकी मिरची डाळीवर पडली, वर खोबरं, कोथिंबीर. पन्ह्यात वेलची. ओटीत भिजवलेले हरभरे. कुणी म्हणालं, आज डाळ जरा आंबट आहे. आत्या म्हणाली, पुढच्या आठवड्यात या, गोड होईल.

मी आजही फ्रीजर टाकून देणार नाही. सकाळचा पाऊण तास लांबणार नाही, हेही मला माहीत आहे. पण ऋतूला मुदत असते, आणि त्या मुदतीमुळे माणसं एका जागी येतात, हे मी त्या दिवशी घेऊन निघाले. परतीच्या गाडीत बसल्यावर आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना निरोप लिहिला : पुढच्या रविवारी लालबागला मिरची आणायला जाते आहे, पाच किलो. कुणाला बरोबर घ्यायची आहे का? नवरा आणि मुलगाही येणार आहेत.

प्रभादेवीला उतरेपर्यंत दोघींचं उत्तर आलं होतं. एकीने दोन किलो सांगितली. दुसरीने विचारलं, देठं काढायला बसायचं कुठे?

मी लिहिलं, गिरगावात. गॅलरी लांब आहे.